पानिपत आणि ‘जर’

घडून गेलेल्या गोष्टीविषयी ‘असे न होते तर’ असा विचार करणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही, असे आपले इतिहासपंडित वेळोवेळी बजावीत आले आहेत; आणि ते बजावून झाल्यावर पानिपतचा विषय निघाला की त्यांपैकी बहुतेकांनी तोच विचार मोठ्या हौसेने केलेला आहे. 14 जानेवारी 1761 या दिवसाची मराठी मनाने जेवढी उलटतपासणी घेतली, तेवढी दुसऱ्या कोणत्याही दिवसाची घेतली नसेल. परंतु दर पिढीने या खटल्यात निराळाच साक्षीदार बोलावला. आणि कोणत्या पिढीने आपला ‘जर’ नेमका कोठे ठेवला हे पाहत गेले, म्हणजे इतिहास कशाने घडतो याविषयी त्या त्या पिढीची समजूत काय होती, ते उघड होते.

प्रत्यक्ष ज्या पिढीवर हा घाला पडला, तिला ‘जर’ उच्चारण्याची गरजच भासली नाही, कारण घडले ते घडलेच नाही असे मानणारे लोक तिच्यात पुष्कळ होते. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या पत्नी पार्वतीबाई 1783 साली वारल्या, आणि तोवरची बावीस वर्षे त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. भाऊ जिवंत आहेत या लोकांच्या श्रद्धेवरच 1776 साली सुखनिधान नावाच्या एका कनोजा ब्राह्मणाने बंड उभारले. रत्नागिरीच्या सुभेदाराने त्याला खरे भाऊसाहेब म्हणून मुजरा केला, कोकणातील कित्येक किल्ले त्याच्या स्वाधीन झाले, आणि त्याला पकडून देहदंड देईपर्यंत पुण्याच्या कारभाऱ्यांना पुरती दमछाक सोसावी लागली. तोतया म्हणजे देह धारण केलेला ‘जर’च होता, असे म्हणण्याचा मोह होतो.

बखरकारांचे तसे नाही. त्यांना पराभव मान्य आहे. किंबहुना पहिल्या पानापासून त्यांना शेवट ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कथनात एक चमत्कारिक विसंगती दिसते. अवजड तोफा, बुणगे आणि बायकामाणसे मागे ठेवून सडी फौज घेऊन गनिमी काव्याने लढावे, असा सल्ला सूरजमल जाट देतो, तो भाऊ मानीत नाहीत. अशा प्रत्येक वळणावर दुसरी वाट होती हे बखरकार आवर्जून दाखवितो, आणि लगेच प्रारब्धाच्या हवाली करून ती वाट बुजवूनही टाकतो.

काशीराजाचा फारशी वृत्तांत याहून अगदी वेगळ्या जातीचा. हा दक्षिणी ब्राह्मण अफगाण बादशहा अब्दालीला मिळालेल्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, तहाचे जाबसाल त्याच्याच हातून चालले होते, आणि लढाईच्या पहाटे ‘आता गळ्याशी आले, काय ते आत्ताच करा’ अशा आशयाची भाऊंची शेवटची चिठ्ठी त्यालाच पोहोचली. त्याची नजर दैवावर नाही, माणसांवर आहे. मराठे बाहेर पडल्याची वर्दी शुजाने दिली तेव्हा अब्दालीला ती खरी वाटेना. तोफांचा आवाज कानी पडला, त्या वेळी तो घोड्यावर बसून हुक्का ओढीत होता, आणि तो शांतपणे नोकराच्या हाती देऊन ‘बातमी खरी दिसते’ एवढेच तो म्हणाला. पुढे भाऊंच्या हुजुरातीने अफगाणांची मधली फळी फोडली, त्या घटकेला चिलखत घातलेला वजीर शहावलीखान पायउतार होऊन, स्वतःच्या तोंडात माती कोंबीत, ‘देश लांब आहे, पळता कोठे?’ म्हणून पळणाऱ्या आपल्या माणसांना शिव्या देत होता. हे चित्र शुजाने धाडलेल्या काशीराजाने जवळ जाऊन पाहिले. मराठ्यांचा जय त्या घटकेला किती नजीक आला होता, हे मराठी वाचकाला शत्रूच्या गोटातील या कारकुनामुळे कळते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

तथापि या विचाराला खरे वळण लावले ते विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी. वाई येथे हाती आलेल्या पत्रांच्या दप्तरातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी 1898 साली प्रसिद्ध केला आणि त्याला प्रदीर्घ प्रस्तावना जोडली. प्रस्तावनेतले राजवाडे हे न्यायाधीशाच्या आसनावर बसलेले फिर्यादी वकील आहेत: अब्दालीच्या पक्षाच्या नजीबखानाला वेळोवेळी पाठीशी घालणारे मल्हारराव होळकर आणि अंतर्वेदीतून पैसा व रसद पोहोचविण्यात कसूर करणारे गोविंदपंत बुंदेले यांच्यावर त्यांनी जे आरोपपत्र ठेवले, त्याने पुढची दोन तपे मराठी वाचकांची मते घडविली. परंतु प्रस्तावनेपेक्षा मागची पत्रे अधिक मोलाची, आणि ती एका साध्या कारणासाठी: ती लिहिणाऱ्यांना शेवट ठाऊक नाही. गोविंदपंतास भाऊ वारंवार लिहितात की, पैका रवाना करा, अब्दालीच्या मुलखात धामधूम करून त्याची रसद तोडा. त्या ओळींत निकड आहे, राग आहे, क्वचित हुकमी आत्मविश्वासही आहे, परंतु संक्रांतीची सावली कोठेही नाही. ज्याच्या नावे ही पत्रे जात होती, तो गोविंदपंत तर डिसेंबरातच मारला गेला. बखर वाचताना आपण निकालापासून मागे चालतो. पत्र वाचताना भाऊंच्या शेजारी उभे राहून पुढे पाहतो. ‘जर’चा विचार बुद्धीला झेपेल असा झाला तो या दप्तरामुळे.

रियासतकार सरदेसाई या बाबतीत समतोल, कदाचित जरुरीपेक्षा अधिक समतोल होते. पानिपतने निर्णायक असे काही केलेच नाही, 1771 साली महादजींनी पुन्हा दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत शहाआलमला तख्तावर बसविले, असे ते दाखवून देत. तर सर जदुनाथ सरकारांनी हा दावा स्वाभिमानाच्या पोटी केलेला म्हणून झिडकारला. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत’ इंग्रजीत 1946 साली आणि मराठीत लढाईच्या द्विशताब्दीला, 1961 साली आले. एकेका सरदाराला पिंजऱ्यात उभे करण्याची रीत बाजूला ठेवून त्यांनी नानासाहेब पेशव्यांच्या एकूण राजकारणाकडे बोट दाखविले. पण हा ‘जर’ इतका मागे गेला, की त्याला लढाईचा मुहूर्तच उरला नाही.

मग एका शास्त्रज्ञाने तो पुन्हा रणांगणावर आणला. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत नानासाहेबांचे पुत्र विश्वासराव यांना लागायची ती गोळी कानाजवळून निसटून जाते, आणि मराठे जिंकलेल्या जगाच्या मुंबईत प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हिंडून येतात. दोन इतिहासांमधले अंतर तिळाएवढे. बखरकाराने जेथे दैव घातले होते, तेथे नारळीकरांनी पुंजयामिकीतली अनिश्चितता घातली. आणि मला असे वाटते की माणसाच्या हातून निर्णय काढून घेण्याच्या बाबतीत हे दोघे परस्परांचे जवळचे नातलग आहेत.

मला स्वतःला गोळीचा ‘जर’ मोहवितो, पटत नाही. जो पर्याय त्या माणसांच्या डोळ्यांसमोर खरोखरीच होता, ज्याची मसलत झाली किंवा होऊ शकत होती, त्यापुरताच ‘जर’ विचारार्ह मानावा, अशी माझी समजूत आहे. ऑक्टोबर 1760 मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतला, धान्य आणि खजिना हाती आला, आणि फौज तशीच उत्तरेकडे कुरुक्षेत्राच्या रोखाने निघाली. इकडे दुथडी भरलेल्या यमुनेच्या पलीकडे चार महिने अडकून पडलेल्या अब्दालीने महिनाअखेरीस बागपतजवळ पाण्यात घोडी घातली, आणि दिल्ली व भाऊ यांच्यामध्ये तो येऊन बसला. त्या उतारावर पुरता पहारा नव्हता. पुढचे अडीच महिने जी उपासमार झाली ती या दुर्लक्षाची वसुली होती. विश्वासरावांची गोळी तिच्या अखेरीस आली.

याच न्यायाने आणखी एक ‘जर’ विचारायला हवा, पण त्याला आपल्याकडे फारसे कोणी शिवत नाही. पानिपत झाले त्याच आठवड्यात इंग्रजांनी बिहारात शहाआलमचा पराभव केला आणि पाँडिचेरी फ्रेंचांकडून घेतली. म्हणजे मराठे व अफगाण एकमेकांना झिजवीत असता तिसरा पक्ष आपला डाव मुकाट्याने खेळत होता. त्या पक्षाला कोकणच्या किनाऱ्यावर मोकळी वाट कोणी करून दिली? फेब्रुवारी 1756 मध्ये बंडखोर तुळाजी आंग्र्याचे पारिपत्य करण्यासाठी खुद्द नानासाहेबांनी इंग्रजांची कुमक घेतली, आणि विजयदुर्गच्या बंदरात मराठ्यांचे सर्वांत जबर आरमार एका दिवसात जळून खाक झाले. तेथे गोळी चुकण्याचा प्रश्न नव्हता. तुळाजीशी समेट करावा की परक्याला बोलवावे, हे दोन्ही मार्ग पुण्याच्या दरबारापुढे खुले होते. विजयदुर्गावर चालून आलेले वॉटसनचे आरमार आणि त्याच्याबरोबरचा क्लाइव्ह त्याच वर्षाच्या डिसेंबरात हुगळीत शिरले, आणि सहा महिन्यांनी प्लासी झाली.