पाण्याकाठचे झाड

शास्त्रपाठ : स्तोत्र १; यिर्मया १७:५-८; प्रेषितांची कृत्ये ८:२६-३९



मैसूर जिल्ह्यातील बेट्टदपुर या गावाहून एका मराठी ख्रिस्ती तरुणाचे पत्र माझ्याकडे आले आहे. गावाला लागून उंच डोंगर, सभोवती तंबाखूची शेते आणि कानांवर दिवसभर कन्नड. नोकरीनिमित्त तो तेथे एकटाच राहतो. सकाळी उठून प्रार्थना, दिवसभर काम, संध्याकाळी स्वतःच्या हातचा भात, आणि मग रात्री उशिरापर्यंत वाचन, असा त्याचा दिनक्रम. वाचनाची आवड त्याला लहानपणापासून आहे. पवित्र शास्त्र त्याने आरंभापासून शेवटपर्यंत तीन वेळा वाचले आहे. परंतु त्याची नोकरी मुदतीची होती, आणि ती पुढे चालणार नाही असे त्याला नुकतेच कळवण्यात आले. तो लिहितो की, त्या रात्री मी पुस्तक उघडले, पाने उलटली, पण इतक्या वर्षांत जे वाचले त्यातील एकही वचन मला सावरायला पुढे आले नाही. मग माझे सर्व वाचन व्यर्थ गेले काय?

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पवित्र शास्त्र रोज वाचले जाते, आणि तरीही संकटाची पहिली झुळूक येताच आपण पाचोळ्यासारखे उडू लागतो. म्हणून त्याला द्यावयाचे उत्तर आपण सर्वांनीच ऐकावे.

पहिल्या स्तोत्रातील धन्य मनुष्य आपणांस परिचित आहे. तो परमेश्वराच्या नियमशास्त्रात रमतो, त्याचे रात्रंदिवस मनन करतो, आणि म्हणून पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेल्या झाडासारखा होतो. मननासाठी मूळ इब्री भाषेत जे क्रियापद आहे, ते मुकाट्याने विचार करण्याचे नव्हे. यशया ३८:१४ मध्ये तेच क्रियापद पारव्याच्या घुमण्याला वापरले आहे, आणि यशया ३१:४ मध्ये भक्ष्यावर उभ्या असलेल्या सिंहाच्या गुरगुरण्याला! म्हणजे हे वाचन ओठांवर येणारे, छातीत घुमणारे आहे. सिंह आपले भक्ष्य सहजासहजी सोडत नाही. तसा हा वाचक वचनाला धरून बसतो. तीन वेळा पूर्ण करणे वेगळे आणि एकदा धरून बसणे वेगळे.

आता यिर्मयाचा सतरावा अध्याय उघडा. तेथेही पाण्याकाठी लावलेले तेच झाड आहे. पाने हिरवी, फळ देणे अखंड. परंतु हे झाड कोणाचे? येथे वाचनाचा उल्लेखच नाही. जो परमेश्वरावर भाव ठेवतो, त्याचे हे झाड. स्तोत्रकर्ता म्हणतो, वचनात रमणारा मनुष्य असा असतो. संदेष्टा म्हणतो, देवावर विसंबणारा मनुष्य असा असतो. दोघे एकाच झाडाकडे बोट दाखवीत आहेत. वाचन आणि विश्वास ही दोन निराळी झाडे नाहीत. वचन हे पाणी आहे, आणि विश्वास हे त्या पाण्याकडे पसरलेले मूळ आहे. पाणी कितीही वाहत असो, मूळ तिकडे वळले नाही तर काठावरचे झाडही वाळते.

यिर्मया आणखी एक गोष्ट सांगतो, ती पहिल्या स्तोत्रात नाही. तो ऊन आणि अवर्षण यांची नावे घेतो. देवावर भाव ठेवणाऱ्याच्या वाट्याला अवर्षणाचे वर्ष येणारच नाही, असे वचन त्याने दिलेले नाही. त्या वर्षी ते झाड चिंतेने ग्रासले जाणार नाही, एवढेच तो सांगतो. त्या तरुणाला मी दुसरी नोकरी लवकरच मिळेल असे सांगू शकत नाही. संदेष्ट्याने जे सांगितले तेवढेच मला सांगता येते, आणि ते थोडे नाही.

या संबंधात पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवल्यावाचून राहत नाही. त्यांचा जन्म १८५८ साली सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकातच झाला. आईने पहाटे उठवून त्यांना संस्कृत शिकवले. पुराणांचे हजारो श्लोक त्यांना लहान वयातच मुखोद्गत होते. पुढे दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. बहीणभाऊ पायी भारतभर भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या हाती संस्कृत बायबल दिले. पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या या विदुषीला ते समजले नाही! ते वाचणे म्हणजे कालापव्यय असे वाटल्याचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मात्र ती प्रत त्यांनी टाकून दिली नाही. विवाहानंतर आसामात घरच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले, आणि त्याची गोडी लागली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्याला वाटेल, येथे कथा पूर्ण झाली. पण रमाबाईंची प्रामाणिक साक्ष पुढे आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, मुंबई आणि पुण्यास शारदा सदनाचे काम चालू असताना, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. तो गृहस्थ धर्मसेवा करीत असतानाच त्याचे खरे परिवर्तन झाले होते. ते वाचून त्यांनी स्वतःला तपासले, आणि कबूल केले की, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. इतकी विद्या, इतके वाचन, इतकी सेवा. आणि मूळ अजून पाण्यापर्यंत गेलेले नव्हते. पण तिथवर त्यांना नेले तेही एका पुस्तकानेच. म्हणून हे बेट्टदपुरच्या बंधो, वाचन व्यर्थ गेले असे म्हणण्याची घाई करू नकोस.

मग अवर्षण आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. ज्या दुष्काळाने त्यांचे घर उद्ध्वस्त केले होते, त्याचेच रूप त्यांना तेथे पुन्हा दिसले. त्यांनी तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया आपल्या आश्रयाला आणल्या. उद्याच्या धान्याची तजवीज नसताना केडगावच्या माळावर ‘मुक्ति’चा संसार उभा राहिला. जी स्त्री ग्रंथांच्या बळावर जिंकत आली होती, ती आता देवाच्या भरवशावर शेकडो पानांची वाट पाहू लागली. ही पाने मात्र जेवणाची होती.

नीतिसूत्रे ३:५ मध्ये आपल्या बुद्धीवर न टेकण्याची आज्ञा आहे. तेथील ‘टेकणे’ हेच क्रियापद २ शमुवेल १:६ मध्ये शौल राजाविषयी आले आहे. गिलबोवा डोंगरावर, शत्रूचे रथ आणि स्वार पाठीशी येऊन भिडले असता, तो आपल्या भाल्यावर टेकला होता, असे त्या अमालेकी तरुणाने सांगितले. भाला हे उत्तम शस्त्र आहे. पण कोसळणाऱ्या मनुष्याचा भार तो पेलत नाही. बुद्धी आणि वाचन यांचेही तसेच. ती वापरावीत, परजावीत. त्यांच्यावर टेकू नये. देवाने बुद्धी टाकून द्या असे म्हटलेले नाही. पौलाने शेवटच्या तुरुंगवासातून झग्याबरोबर पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रे मागवून घेतली (२ तीमथ्य ४:१३). मृत्यू दारात उभा असताही त्याला वाचायचे होते. परंतु त्याचा भार पुस्तकांवर नव्हता, प्रभूवर होता.

शेवटी, गज्जाच्या वाटेवरील त्या रथाकडे पाहा. हबशी अधिकारी एकटाच यशया वाचीत होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे मोठ्याने वाचीत होता, म्हणूनच फिलिप्पाला ते ऐकू गेले. फिलिप्पाच्या प्रश्नात ग्रीक भाषेतील एक गंमत आहे. समजण्याला ‘गिनोस्को’ आणि वाचण्याला ‘अनागिनोस्को’ असे शब्द तेथे आहेत. एक दुसऱ्याच्या पोटातच आहे. मराठीत ही जवळीक आम्हां भाषांतरकारांना आणता येत नाही. ती आपण जीवनात आणावी. त्या अधिकाऱ्याने आपले अज्ञान लपवले नाही. वाट दाखवणाऱ्यावाचून मला कसे कळणार, असे म्हणत त्याने फिलिप्पाला रथात आपल्या शेजारी बसवले. आणि ज्याच्याविषयी वाचीत होता, तो येशू त्याला तेथे भेटला.

म्हणून प्रिय तरुणा, आज रात्री तीन अध्याय वाचू नकोस. तीन ओळी वाच. मोठ्याने वाच, आणि वाचलेले तसेच उलट प्रार्थनेत देवाला सांग. नोकरी गेल्याची भीती त्याच्यापुढे नाव घेऊन मांड. भाषा अडते म्हणून जवळच्या कन्नड मंडळीपासून दूर राहू नकोस. मराठी आणि कन्नड शास्त्र शेजारी शेजारी ठेवून तेथील एखाद्या वडीलधाऱ्यापाशी बस. तोच तुझा फिलिप्प असेल. आणि ज्यांना वाचता येत नाही अशा एखाद्या आजीला वचन वाचून दाखव. रमाबाईंनीही जे मिळाले ते आपल्यापाशी ठेवले नाही. अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजावे म्हणून इब्री व ग्रीक शिकून त्यांनी सगळे शास्त्र सोप्या मराठीत आणले. ‘मुक्ति’तील स्त्रियांनीच ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

वाचकहो, अवर्षणाचे वर्ष आपल्यापैकी कोणालाही विचारून येत नाही. ते येण्यापूर्वी मूळ पाण्याकडे जावो. आणि ते आलेच असेल तर आजही उशीर झालेला नाही, कारण प्रवाह आटलेला नाही.

प्रार्थना : हे प्रभो, तुझे वचन आम्ही पुष्कळ वाचले, पण तुझ्यावर थोडेच विसंबलो. आमची क्षमा कर. अनोळखी गावी, रिकाम्या हातांनी बसलेल्या तुझ्या तरुण लेकरांपाशी तू स्वतः येऊन बस, आणि वाचलेले उलगडून सांग. येशूच्या नावाने मागतो. आमेन.