अदृश्य पाहुणा आणि त्याचा धर्म

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतील संगणक विद्यार्थ्यानें आपल्या घरीं बसून चालवावा, ही गोष्ट आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्या पोटीं कांहीं नैतिक प्रश्न दडला असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आपलें नांव व परवलीचा शब्द दिला कीं प्रयोगशाळेचें दार उघडतें. देह घरींच राहतो आणि हात मात्र कित्येक कोस दूर असलेल्या यंत्रावर चालूं लागतो. मनुष्याचा हात जेथें पोंचला तेथें त्याचें कर्तव्यहि पोंचलें असें मानावयाचें कीं नाहीं, याचा येथें थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

ही सोय आजकालची नव्हे. १९४० सालच्या सप्टेंबरांत जॉर्ज स्टिबिट्झ या गणितज्ञानें अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत भरलेल्या सभेंत एक टंकयंत्र मांडून, न्यूयॉर्क येथील गणनयंत्राकडून तारेच्या द्वारें उत्तरें मिळवून दाखविलीं. त्याच महाविद्यालयांत १९६४ सालीं जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या अध्यापकांनीं एकाच संगणकाचा वेळ अनेक विद्यार्थ्यांत वांटून देण्याची व्यवस्था सुरू केली. पुढें २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकांत प्रवेश करण्यासाठीं ‘लॉगिन’ हा शब्द पाठवूं लागले, तों पहिलीं दोनच अक्षरें पोंचलीं आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें. दूरच्या घरांत शिरण्याचा तो प्रारंभ असा अडखळत झाला.

आपल्याकडे या स्थितीला अगदीं जवळची कल्पना परकायाप्रवेशाची आहे. आद्य शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. आचार्यांचा स्वतःचा देह गुहेंत होता व शिष्य त्याची राखण करीत होते. इकडे राज्याची घडी एकाएकीं सुधारलेली पाहून प्रधानांना शंका आली कीं, राजाच्या देहांत दुसराच कोणी थोर पुरुष वावरत आहे. आख्यायिका खरी कीं खोटी हा वाद आम्हांस येथें नको. परक्या देहांतील अदृश्य पुरुषाची ओळख त्याच्या वागणुकीवरून पटली, एवढेंच आम्हांस घ्यावयाचें आहे.

याच्या उलट उदाहरण १९८६ सालचें आहे. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत संगणकाच्या वापराच्या हिशेबांत अवघे ७५ सेंट जुळेनात. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञानें त्या क्षुल्लक तुटीचा माग काढला, तेव्हां दूर जर्मनींतील हानोव्हर शहरांत बसलेला एक मनुष्य त्या यंत्रांत शिरून लष्करी माहिती धुंडाळीत असल्याचें उघडकीस आलें. पुढें १९९५ सालीं हेलसिंकीच्या तंत्र-विद्यापीठांतील जाळ्यावर कोणी परवलीचे शब्द चोरले, तेव्हां तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनीं दोन यंत्रांमधील सारें संभाषण गूढलिपींत झांकणारी ‘सिक्युअर शेल’ ही पद्धति निर्माण केली. कुलूप पक्कें झालें, हें उत्तम झालें. परंतु कुलूप चोरासाठीं असतें. ज्याच्याजवळ किल्ली आहे त्यानें आंत कसें वागावें हें कुलूप सांगूं शकत नाहीं.

आमचा प्रश्न या किल्लीवाल्याविषयींच आहे. समजा, एका सुखवस्तु घरांतील विद्यार्थ्यानें रात्रीं प्रयोगशाळेंतील चार संगणकांवर एक लांबलचक गणित लावून दिलें आणि तो निजला. सकाळीं दोन तास एस. टी.नें प्रवास करून, घरीं स्वतःचें यंत्र नसलेली एक विद्यार्थिनी तेथें येऊन बसते, तों तिच्या पुढ्यांतील यंत्र कांहीं केल्या पुढें सरकत नाहीं. पहिल्यानें कोणताहि नियम मोडलेला नाहीं. तोच तेथें प्रत्यक्ष बसला असता आणि खुर्चीमागें कोणी ताटकळत उभें दिसलें असतें, तर तो बहुधा उठला असता. आपल्याकडे जनाची लाज व मनाची लाज असे दोन पहारेकरी सांगितले आहेत. दूरस्थ प्रवेशानें पहिल्याला रजा मिळाली; सारा भार दुसऱ्यावर आला.

यावर कोणी म्हणेल कीं, यंत्रालाच रांग लावावयास शिकवावें म्हणजे झालें. तसें अनेक ठिकाणीं केलें जातें आणि तें योग्यहि आहे. तथापि रांग वेळ मोजते, गरज मोजीत नाहीं. उद्यां कोणाची परीक्षा आहे आणि कोणाचें काम आठवडाभर थांबूं शकतें, हें माणसालाच ठाऊक असतें. मग दूरचें दार बंदच करावें काय? मुळींच नाहीं. ज्याला जिना चढवत नाहीं, जिला संसार सांभाळून शिकावयाचें आहे, जो दिवसा नोकरी करतो, त्या सर्वांना हें दार हाच आधार आहे. आणि २०२० सालच्या महामारींत तर सर्वांनाच तो आधार वाटला. परंतु सार्वजनिक प्रयोगशाळा मुळांत ज्याच्या घरीं साधन नाहीं त्याच्यासाठीं असते. म्हणून खुर्चीवर येऊन बसलेल्याचा हक्क संस्थेनें प्रथम राखावा, आणि दूरस्थानें आपल्यामागें कोणी उभें आहे असें समजूनच काम करावें.

ही शिकवण विद्यापीठापेक्षां घरींच अधिक साधेल, कारण हा प्रवेश घरांतूनच होतो. मुलाच्या टेबलावरील यंत्र आपल्या पैशानें आणलेलें असेल. त्यांतून तो ज्या यंत्रावर काम करतो तें मात्र सर्वांचें आहे. वाचनालयाचें पुस्तक वेळेवर परत दे, दुसरा वाचक वाट पाहत असेल, असें आपण मुलांना सांगत आलों आहों. तो दुसरा वाचक आपण कधींहि पाहिलेला नसतो.