शून्याचे दोन अर्थ

अंबरनाथला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात ते ऑपरेटर होते, आता निवृत्त आहेत. मी इंजिनिअरिंगला असताना त्यांनी एकदा सांगितलं होतं, "शिफ्टवर गेलास आणि गेजचा काटा शून्यावर दिसला, तर आधी काचेवर टिचकी मारायची. टाकी रिकामी आहे की काटा अडकलाय, ते कळल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही." मी मान डोलावली आणि विसरून गेलो. नोकरीत मला हाच प्रश्न पडला, तेव्हा मात्र ते आठवलं. शून्य म्हणजे तिथे काही नाही, की तिथलं काही आपल्यापर्यंत पोचत नाही?

आमच्या व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. प्रोग्राम नीट चालतो का हे पाहायला आम्ही टेस्ट लिहितो. त्या टेस्टनी कोडच्या किती ओळी प्रत्यक्ष चालवल्या, हे मोजणारं साधन म्हणजे कव्हरेज टूल. ते कोडच्या वाटावाटांवर छोटे मोजक बसवतं. प्रोग्राम एखाद्या वाटेने गेला की तिथला आकडा एकने वाढतो, आणि शेवटी सगळे आकडे एका फाइलमध्ये उतरतात. मग रिपोर्टमध्ये चाललेल्या ओळी हिरव्या दिसतात, न चाललेल्या लाल. कल्पना जुनी आहे. जोन मिलर आणि क्लिफर्ड मलोनी यांनी 1963 सालीच ती मांडली होती.

आमचं सॉफ्टवेअर कारखान्यातल्या टाक्यांची पातळी पडद्यावर दाखवतं. सेन्सर गप्प झाला किंवा काहीतरी अशक्य आकडे पाठवू लागला, तर जुनाच आकडा दाखवत राहणं धोक्याचं असतं. म्हणून अशा वेळी प्रोग्राम स्वतःला तिथल्या तिथे बंद करतो, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा दुसरा प्रोग्राम अलार्म वाजवतो. या चाळीसेक ओळींसाठी आमच्याकडे चांगली टेस्ट होती. ती एक चाइल्ड प्रोसेस सुरू करायची, तिला मुद्दाम चुकीचे आकडे द्यायची, आणि ती ठरल्याप्रमाणे मरते का ते बघायची. अशा टेस्टला 'डेथ टेस्ट' असंच म्हणतात.

ही टेस्ट रोज पास होत होती. कव्हरेजच्या रिपोर्टमध्ये मात्र त्या चाळीस ओळी लाल होत्या, प्रत्येकीपुढे शून्य.

दोन दिवस मी टूलच्या मागे लागलो. कंपाइल करतानाचे पर्याय तपासले. जुन्या फाइली नव्या कोडशी जुळत नसतील म्हणून त्या पुसून पाहिल्या. आमचं टूल म्हणजे जीकॉव्ह, आणि त्याचे आकडे कोड जिथे कंपाइल झाला त्या फोल्डरच्या पत्त्यावर उतरतात. मशीन बदललं तर ते भलतीकडे जाऊ शकतात, म्हणून तेही पाहिलं. सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बदलापूर लोकलच्या दारात उभा असताना लक्षात आलं. आकडे फाइलमध्ये उतरतात ते प्रोग्राम रीतसर संपताना. आमची चाइल्ड प्रोसेस रीतसर संपतच नव्हती, ती ॲबॉर्ट होत होती. ती त्या ओळींवरून गेली होती, पण ते सांगायला मागे उरली नव्हती.

याला दोन उपाय होते. एक म्हणजे, फक्त टेस्टसाठीच्या बिल्डमध्ये, मरण्याआधी आकडे लिहून ठेवायची सोय करायची. त्याला काही दिवस लागले असते. दुसरा उपाय म्हणजे त्या ओळींच्या वर-खाली एक-एक कॉमेंट टाकायची. ती दिसली की रिपोर्टमध्ये मधल्या ओळी हिशेबातूनच वगळल्या जातात. रिलीज जवळ आलं होतं आणि किमान 80 टक्के कव्हरेजची अट होती. त्या भागात हजार ओळी होत्या, त्यांतल्या 780 चाललेल्या. म्हणजे 78 टक्के. चाळीस ओळी वगळल्या की 960 पैकी 780, म्हणजे 81. आमचे सीनियर म्हणाले, "कॉमेंट टाक. कोड टेस्ट झालेला आहेच, टूलला दिसत नाही एवढंच." मी कॉमेंट टाकली.

हे खोटं होतं का?

त्या दिवशीपुरतं नव्हतं, असं मला आजही वाटतं. सीनियरचं प्रत्येक वाक्य खरं होतं. पण मोजमाप हे एका दिवसाचं विधान नसतं. उद्या इथे काही बिघडलं तर हा आकडा हलेल, असा भरवसा त्यात धरलेला असतो. मी आकडा खोटा केला नाही, त्या चाळीस ओळी भरवशातून काढून घेतल्या. आणि ते कुणाला दिसेल अशी जागाही ठेवली नाही, कारण वगळलेल्या ओळी आमच्या रिपोर्टमध्ये लालही नव्हत्या, हिरव्याही नव्हत्या. अंश तोच राहिला होता, छेद गुपचूप लहान झाला होता.

आठ महिन्यांनी एका सहकाऱ्याने वेळखाऊ टेस्ट काढून टाकल्या. त्यांत ती डेथ टेस्टही गेली. रिपोर्ट 81 चा 81 च राहिला. पुढे चार महिन्यांनी, भलताच दोष शोधताना, मला ते योगायोगाने कळलं. काही अपघात झाला नव्हता. पण त्या चार महिन्यांत कुणाच्या हातून तो सुरक्षेचा कोड बिघडला असता, तर आम्हाला सांगणारं काही उरलं नव्हतं. कुठल्या तरी कारखान्यात एखादा ऑपरेटर पडद्यावरची स्थिर पातळी पाहून निर्धास्त बसला असता.

मग मी हिरव्या ओळींकडेही वळलो. एक टेस्ट नुसतीच फंक्शनला हाक मारत होती. उत्तर काय आलं, ते तपासतच नव्हती. उत्तर चुकलं असतं तरी ओळी हिरव्याच राहिल्या असत्या. म्हणजे जे तपासलेलं होतं ते लाल, आणि जे नुसतं शिवून सोडलं होतं ते हिरवं. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल मांडलेला मुद्दा आता सगळीकडे सांगितला जातो: मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप म्हणून कामाचं राहत नाही. आमच्या 80 टक्क्यांचं तेच झालं होतं.

कव्हरेजचा भाऊबंद म्हणजे प्रोफायलर. प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते तो सांगतो. 1982 मध्ये बर्कलीत लिहिलेला जीप्रॉफ हा त्यातला प्रसिद्ध. असे प्रोफायलर ठरावीक अंतराने डोकावून पाहतात की या क्षणी प्रोग्राम कुठे आहे. दोन डोकावण्यांच्या मधलं त्यांना दिसत नाही. शिवाय जीप्रॉफ प्रोसेसरचा वेळ मोजतो, प्रोग्राम डिस्कची वाट पाहत थांबला असेल तर तो वेळ हिशेबात येत नाही. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर रोज जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याचे ऑफिसातले तास नोंदले जातात, फलाटावरचे नाही. थकवा मात्र दोन्हींचा येतो.

आमच्याकडे वालधुनी नदी आहे. ती अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, 1060 सालच्या शिवमंदिराच्या कडेने उल्हासनगरात शिरते आणि पुढे कल्याणकडे जाते. तिच्या आणि उल्हास नदीच्या प्रदूषणाविरुद्ध 'वनशक्ती' ही संस्था राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. नदीचं पाणी तपासायचं म्हणजे ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी बाटली भरायची. ती बाटली त्या क्षणाबद्दल खरंच बोलते. काठावर राहणाऱ्याच्या नाकाला मात्र चोवीस तास ड्यूटी असते, पण नाकाची नोंदवही नसते. दुपारच्या बाटलीत काही सापडलं नाही, म्हणून रात्रीच्या वासाची तक्रार खोटी ठरत नाही. बाटलीने रात्रीबद्दल काही म्हटलेलंच नसतं.

यावर कुणी म्हणेल, सगळंच कसं मोजणार? बरोबर आहे. प्रत्येक पावलावर मोजक बसवला तर प्रोग्रामच रखडतो. काहीतरी वगळावंच लागतं, आणि मी वगळलं हा माझा दोष नव्हता. वगळल्याची खूण ठेवली नाही, हा होता. मोजणाऱ्यावर सगळं मोजण्याची जबाबदारी नसेल, पण न मोजलेलं 'नाही' म्हणून खपू न देण्याची नक्की आहे. कारण आकडा वाचणाऱ्याला तो कसा बनला हे दिसत नसतं, बनवणाऱ्याला दिसत असतं.

हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग अडकलेल्या गेजचं तुम्ही काय करता?" त्यांच्याकडे अशा गेजला लाल चिठ्ठी बांधत. वर 'नादुरुस्त', खाली तारीख आणि सही. पुढच्या शिफ्टच्या माणसाला कळायचं की इथला आकडा धरायचा नाही, आणि विचारायचं कुणाला.

मी ती डेथ टेस्ट परत आणली आणि वर्षभरापूर्वी टाळलेली दुरुस्ती केली. कव्हरेज 82 वर गेलं. म्हणजे तेव्हाच सरळ वाटेने गेलो असतो तर 81 पेक्षा जास्तच मिळालं असतं. मग उत्तर न तपासणारी टेस्ट काढली आणि आकडा 76 वर आला. खऱ्या टेस्ट लिहीपर्यंत रिलीज नऊ दिवस लांबलं. वार्षिक आढाव्यात त्याचा उल्लेख झाला, आणि तो चांगल्या अर्थाने नव्हता.

आता आमच्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर, टक्केवारीच्या वर, वगळलेल्या जागांची यादी येते: कारण, तारीख, नाव. आज तिच्यात अकरा नोंदी आहेत. त्यांतल्या चार माझ्या नावावर आहेत.