मागच्या फाटकाचं कुलूप

फ्लॅट स्कीमचं मागचं फाटक उघडं ठेवायचं की त्याला कुलूप घालायचं, हा वाद नागपुरात नवा नाही. बैठकीत तो ‘सुरक्षितता की सोय’ असा मांडला जातो आणि मग सोयीची बाजू आपसूकच हलकी ठरते. पण कुलपाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. गाडीवाल्याला वळसा पडला तर दोन मिनिटं जातात. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना कामवाल्या बाईला किंवा काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्याला तोच वळसा अख्ख्या कंपाउंडभोवती पायी घालावा लागतो. ‘ते फाटक आणीबाणीसाठी राखीव आहे’ हे उत्तर तर मला सर्वांत घातक वाटतं. राखीव फाटकाची कडी गंजते, समोर स्कूटर लागतात, चावी सचिवांच्या कपाटात असते आणि सचिव गावाला गेलेले असतात. ज्या फाटकातून रोज माणसं जातात, तेच रात्री दोन वाजता हमखास उघडतं. म्हणून पायी जाणाऱ्यांचा हक्क आणि आपत्कालीन वाट हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात 1997 साली 59 माणसं धुरात गुदमरून गेली, तेव्हा जादा खुर्च्यांनी वाट अडवलेली होती आणि दारं बंद होती. नागपुरापुरतं बोलायचं तर 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. पाणी एका बाजूने चढतं तेव्हा दुसऱ्या बाजूची वाट म्हणजे जीव असतो. राज्याच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने आगीपासूनच्या उपाययोजना चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांवर टाकली आहे, चौकीदारावर नाही.

चोऱ्या वाढतील, ही भीती खरी आहे आणि ती उडवून लावू नये. तिच्यासाठी मोठं फाटक बंद ठेवून त्यातली दिंडी पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडी ठेवता येते. रात्री आतून चावीशिवाय सरकेल अशी कडी लावता येते. बाहेरच्यांच्या मोटारसायकली घुसतात, तर दिंडीपुढे खुंट रोवावेत. राहतो बहुमताचा मुद्दा. 1970च्या अपार्टमेंट मालकी कायद्यानुसार सामाईक जागा अविभक्त असते आणि ती वापरताना इतर मालकांच्या हक्कांत अडथळा आणता येत नाही. त्यामुळे बैठक फाटकाच्या वेळा ठरवू शकते. एखाद्या सभासदाची वाटच बंद करण्याचा अधिकार तिच्याकडे आहे असं मला वाटत नाही. याच फाटकातून ये-जा करणाऱ्या शेजारच्या वस्तीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण खासगी जागेतून जाणं हा कुणाचाही आपोआप हक्क नसतो. तरी वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरलेल्या वाटेला 1882चा सुविधाधिकार कायदा संरक्षण देतो. तेव्हा वस्ती जुनी असेल तर कुलूप घालण्याआधी ले-आउटचा मंजूर नकाशा काढून पाहावा, आणि तोवर दिंडी उघडी ठेवावी.