परवानगी कोणाची?

मनुष्यास वय झाल्यावर शिकण्याची लाज कां वाटावी, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. लहान मूल चालतां चालतां पडतें, तेव्हां आपण त्यास हंसत नाहीं, उलट त्याचें कौतुक करतों. परंतु साठीला टेकलेला गृहस्थ जर चारचौघांत म्हणाला कीं, ‘मला हें येत नाहीं,’ तर ऐकणारांस तें चमत्कारिक वाटतें आणि बोलणारा मनांतल्या मनांत खजील होतो. जणूं वय ही एक पदवीच आहे आणि ती परीक्षेवांचून मिळते! या समजुतीची किंमत केवढी असूं शकते, तें मला मोटार चालविण्याचा शिकाऊ परवाना काढतांना कळलें.

मी जालना जिल्ह्यांतला. घनसावंगी तालुक्यांतील एका शाळेंत तीस वर्षें मीं मुलांस शिकविलें. जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव याच तालुक्यांत आहे. दासबोधांतील मूर्खांचीं आणि पढतमूर्खांचीं लक्षणें मीं वर्गांत किती वेळां समजावून दिलीं असतील, याची गणती नाहीं. त्याच तीस वर्षांत मी मोटारसायकल चालवीत होतों, आणि तीही परवान्यावांचून. रस्त्यावर सारे ओळखीचे; मास्तरांस परवाना कोण विचारणार?

सेवानिवृत्तीनंतर पुण्यास मुलाकडे राहावयास आलों. घरीं मोटार होती, नातीस शाळेंत पोंचवावयाचें होतें, आणि येथील रस्त्यावर मला कोणीच ओळखत नव्हतें. परवाना काढणें भाग पडलें. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदारास डॉक्टराचें प्रमाणपत्र जोडावें लागतें, तें जोडलें. पुढें रस्त्यावरील खुणा व नियम यांची प्राथमिक परीक्षा होती. तींत शेंकडा ६० उत्तरें बरोबर यावीं लागतात, आणि महाराष्ट्रांत २०२१ पासून ती आधार क्रमांकाच्या साहाय्यानें घरबसल्या संगणकावर देतां येते.

मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही नुसते समोर बसा. उत्तरें मी बाजूनें दाखवीन. सगळे असेंच करतात.”

मुलांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें हें ऐकतांच संतापावयास हवें होतें. पण खरें सांगावयाचें तर मी तत्क्षणीं नाहीं म्हटलें नाहीं. मनांत आलें, तीस वर्षें मीं वाहन चालविलें, कोणाच्या केसालाही धक्का लागला नाहीं; मग ही परीक्षा म्हणजे नुसता उपचारच नव्हे काय? ‘विचार करून सांगतों’ असें म्हणून मी नियमांचें पुस्तक चाळावयास घेतलें.

त्यांत एक नियम आढळला. वळण, चढ किंवा दुसरा एखादा अडथळा यांमुळें पुढचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल, तेथें पुढील वाहनास ओलांडूं नये. तो वाचला आणि पंधरा वर्षांपूर्वींची एक संध्याकाळ डोळ्यांपुढें उभी राहिली. अंबडकडून परत येत होतों. एका वस्तीजवळच्या वळणावर उंसानें भरलेली बैलगाडी पुढें होती. मीं ती ओलांडली, आणि गाडीच्या आडून एक चार वर्षांचें मूल धांवत रस्त्यावर आलें. मीं मोटारसायकल शेतांत घातली. मूल चार बोटांनीं वांचलें. त्याची आई धांवत आली, लेकराला पोटाशीं धरून माझ्या पायां पडली आणि म्हणाली, “मास्तर, तुमच्यामुळं लेकरू वाचलं.” मीं ते आभार घेतले. इतकेंच नव्हे, तर पुढें कित्येक वर्षें ती हकीकत माझ्या प्रसंगावधानाचा दाखला म्हणून मी सांगत आलों. लेकरूं माझ्यामुळें वांचलें नव्हतें. माझ्यामुळें तें मरणार होतें. हें कळावयास मला पंधरा वर्षें आणि नियमाची एक ओळ लागली.

अनुभव म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतों, तो पुष्कळदां न सांपडलेल्या चुकांचा संचय असतो. इंग्लंडांत १९३५ सालीं वाहनचालकांस परीक्षा सक्तीची झाली, तेव्हां १ एप्रिल १९३४ पूर्वीं चालवूं लागलेल्यांस तींतून मोकळीक होती. कायद्याला कोठें तरी रेघ ओढावीच लागते, म्हणून व्यवहारदृष्ट्या तें ठीक असेल. परंतु नीतीच्या दृष्टीनें अशी रेघ ओढतां येत नाहीं. फार दिवस केलेली गोष्ट केवळ फार दिवस केल्यानें बरोबर ठरत नसते.

कोणी म्हणेल, परवाना असलेलेच लोक अपघात करतात, मग या कागदाचें एवढें स्तोम कशाला? आक्षेप खोटा नाहीं. २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत मेलीं, आणि त्यांतील कित्येकांस मारणाऱ्यांच्या खिशांत परवाना असणारच. कागद मनुष्यास सावध करीत नाहीं. परंतु परवाना ‘मागणें’ या क्रियेचा अर्थ काय, हें पाहिलें पाहिजे. आपण समजतों कीं, परवानगी सरकारची. वस्तुतः ती रस्त्यावरील प्रत्येक अनोळखी माणसाची आहे. मी माझें वाहन त्याच्या अंगाजवळून नेणार. त्यानें माझ्यावर विश्वास टाकावा अशी माझी अपेक्षा. पण त्याला विचारण्याची सोय नाहीं. त्याच्या वतीनें कोणी तरी विचारतें, इतकेंच. तेथें मुलाच्या बोटाकडे पाहून उत्तर देणें म्हणजे परीक्षकास फसविणें नव्हे. उंसाच्या गाडीआडून येणाऱ्या त्या लेकरास फसविणें होय. संगणकाचा डोळा फार तर माझें तोंड ओळखील, माझें मन ओळखण्याची विद्या त्यास अवगत नाहीं. म्हणूनच पर्यवेक्षकाची जागा मला स्वतःस घ्यावी लागली.

मुलास दुसऱ्या खोलींत बसविलें आणि परीक्षा दिली. पहिल्या खेपेस नापास झालों. नातीनें विचारलें, “आजोबा, आतां तुम्हांला बाई रागावतील?” दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालों. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. मोटारीच्या पुढें व मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें ‘एल’ अक्षर लावावें लागतें आणि शेजारीं परवानाधारक शिकविणारा बसावा लागतो. माझ्या शेजारीं मुलगा बसतो, आणि चुकल्यावर बोलतो. पहिले कांहीं दिवस तीं तांबडीं अक्षरें पाठीवर डागल्यासारखीं वाटलीं. आतां वाटत नाहींत. तीस वर्षांपूर्वींच तीं लावलीं असतीं तर बरें झालें असतें.

दिवाळींत गांवीं जावयाचें आहे. तें मूल आतां एकोणीस वर्षांचें झालें असेल. त्याच्या आईस गांठून तिचे आभार परत करावयाचे आहेत. ती काय म्हणेल, याची मला आजही परीक्षेपेक्षां अधिक धास्ती वाटते. परंतु जी परवानगी तिच्याकडेच मागावयास हवी होती, ती न मागतां मी इतकीं वर्षें तिच्या दारावरून गेलों, हें तिला सांगितल्यावांचून माझा परवाना पुरा होणार नाहीं.