दुसऱ्याच्या अंगणातला हौद

गेल्या आश्विनात मी सात दिवस दुसऱ्याच्या घरी राहून आलो. घराचे मालक कोण, हे मला आजतागायत ठाऊक नाही. त्यांनीही मला पाहिलेले नाही. किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या कुलुपाच्या डबीत होती आणि टेबलावर दुधाची बाटली, केक व स्वागताचे छापील कार्ड. लहानपणी ज्या घरांत मी पाहुणा म्हणून गेलो, तेथे पायांवर पाणी, हातावर गूळ आणि दोन दिवसांनी 'पुढचा बेत काय?' हा आडून विचारलेला प्रश्न, असा क्रम असे. येथे निघण्याची वेळ पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेली होती : सकाळी दहा.

घर वेल्समधील बाला या बाजाराच्या गावाबाहेर होते. (नावाला हसू नये. त्या भाषेत सरोवरातून नदी बाहेर पडते त्या जागेला 'बाला' म्हणतात, आणि डी नदी तेथे टेगिड सरोवरातून बाहेर पडते.) माझी मुलगी व जावई लिव्हरपूलला असतात. दिवाळीत त्यांना दादरला येणे जमेना, तेव्हा मीच तिकडे गेलो आणि त्यांनी हे घर आठवड्यापुरते घेतले. हातभर जाड दगडी भिंती, वर काळ्या पाटीच्या दगडाचे छप्पर, आणि मागच्या अंगणात लाकडी कठड्याचा एक गोल हौद. त्याला तिकडे हॉट टब म्हणतात. हजार-बाराशे लिटर पाणी त्यात रात्रंदिवस ऊन ठेवलेले असते आणि कळ दाबली की तळातून बुडबुडे येतात. जावयाने दिलेली आखूड चड्डी नेसून सासऱ्याने त्याच्यासमोर उघड्यावर पाण्यात उतरावे, याला आपल्या धर्मशास्त्रात आधार सापडणे कठीण. पण उतरलो. खांद्यापर्यंत ऊन पाणी, डोक्यावर बारीक पाऊस, समोरच्या कुरणात ओल्या मेंढ्या. बारा वर्षे माझ्यावर रुसलेले गुडघे त्या रात्री बोलू लागले. हे सुख खोटे नव्हते. पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून, मला ते नको होते असे कोणी समजू नये.

रोज सकाळी एक तरुण बाई हौदाचे पाणी तपासायला येई. औषधाचे प्रमाण बरोबर आहे की नाही, हे ती कागदाची पट्टी बुडवून पाही. आमच्याशी ती उत्तम इंग्रजी बोले. पण फोनवर आईशी वेल्श बोलू लागली की तिचा आवाजच निराळा होई. तिसऱ्या दिवशी चहा घेताना तिने सांगितले की, या घरात पूर्वी तिच्या शाळेतल्या बाई राहत. ती स्वतः नवरा व मुलासह आईच्या घरातल्या एका खोलीत राहते. चार वर्षे गावात घर शोधते आहे. बायकोच्या माहेरी राहणाऱ्या जावयाची स्थिती तिकडेही फारशी सुखाची नसावी, असे तिच्या बोलण्यावरून वाटले. मी जरा अपराधी होऊन विचारले, "मग आमच्यासारखे लोक आले नाहीत तर बरे होईल?" ती हसली. म्हणाली, "मग शनिवारी मी काय करू?" अशी पाच घरे तिच्याकडे आहेत. प्रत्येक कुटुंब गेले की चादरी बदलायच्या, हौद रिकामा करून घासायचा आणि पुन्हा भरायचा.

त्या उत्तराने माझी पंचाईत केली. मी पश्चात्ताप तयार करून ठेवला होता. तो तिने बक्षिसीसारखा परत केला.

वेल्शमध्ये अशा घराला 'ती हाव' म्हणतात, म्हणजे उन्हाळ्याचे घर. आणि गंमत अशी की, दोन घरे असणे हा त्या देशात पूर्वी मुळीच अपराध नव्हता. शेतकरी हिवाळ्यात दरीतल्या 'हेन्द्रे'त राही आणि उन्हाळ्यात गुरे घेऊन डोंगरावरच्या 'हावोदा'त जाई. पण दोन्हीकडची चूल एकाच कुटुंबाची होती आणि दोन्ही घरे त्याच्या कष्टांना जोडलेली होती. आजच्या उन्हाळ्याच्या घराला गावाशी असे काही नाते उरलेले नाही, आणि त्याचा राग तेथे जुना आहे. 1979 पासून दहाबारा वर्षे 'ग्लिन्दूरचे पुत्र' म्हणवणाऱ्या लोकांनी इंग्रजांची अशी रिकामी घरे रात्री जाळली. दोनशेहून अधिक वेळा आगी लागल्या. आग लावून घर गावाला परत मिळत नाही, हे त्यांनाही कळत असावे. 2023 साली कायदा आला. दुसऱ्या घरावर तिप्पटीपर्यंत जादा कर बसवण्याचा अधिकार वेल्समधील स्थानिक संस्थांना मिळाला, आणि बाला ज्या ग्विनेध परगण्यात आहे त्याने 150 टक्के बसवला. घर वर्षातून 182 दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेले तरच तो व्यवसाय मानायचा, असेही त्याच वर्षी ठरले. म्हणजे आमच्यासारख्यांची हजेरी आता सरकार मोजते. 2021 च्या शिरगणतीत वेल्समध्ये वेल्श बोलणारे 17.8 टक्के निघाले. बालासारख्या गावांत अजून ती रस्त्यावरची भाषा आहे; म्हणूनच तेथे एकेका घराचा एवढा हिशेब.

चौथ्या दिवशी आम्ही ट्रवेरिनच्या दरीत गेलो. बालापासून मोटारीने दहा मिनिटे. तेथे एक सुंदर तलाव आहे. त्याच्या तळाशी कापेल केलिन नावाचे गाव आहे. लिव्हरपूलच्या महापालिकेला पाणी हवे होते. 1956 साली गावकऱ्यांनी लिव्हरपूलच्या रस्त्यांतून मोर्चा नेला; 1957 साली लंडनच्या पार्लमेंटात कायदा झाला; 1965 साली धरण सुरू झाले. बारा घरे व शेते, शाळा, टपालकचेरी, प्रार्थनामंदिर, सारे पाण्याखाली गेले. दरीतल्या 67 माणसांपैकी 48 जणांची घरे बुडाली. 2005 साली लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने क्षमा मागितली. 1921 चा मुळशीचा सत्याग्रह आठवल्यावाचून मराठी माणसाला त्या काठावर उभे राहता येत नाही. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, आमच्या नळाला येते ते हेच पाणी ना?" अंशतः हेच. धरणातले पाणी नदीत सोडतात आणि पुढे खाली डी नदीतून ते शहरासाठी उचलतात.

त्या रात्री मी हौदात उतरलो नाही, असे लिहिता आले असते तर या निबंधाला बरे झाले असते. मी उतरलो.

पाण्यात बसून मी स्वतःचा बचाव मांडून पाहिला. माझ्या एका आठवड्याने बालाचे काही बिघडत नाही. मी आलो नसतो तर दुसरे कोणी आले असते. हा बचाव खोटा नाही, हीच त्यातली अडचण. येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो आणि प्रत्येकाचे म्हणणे खरे असते. तरीही चार वर्षे घर शोधणारी बाई आईच्या खोलीतच राहते. ज्या कृत्याला एकही अपराधी सापडत नाही, त्याची जबाबदारी कोणी घ्यायची?

मला आईच्या तोंडची खुलभर दुधाची कहाणी आठवली. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा अशी राजाज्ञा झाली. लोकांनी धाकाने पोरांच्या, वासरांच्या तोंडचे दूध काढून ओतले, गाभारा भरेना. एका म्हातारीने घरचे सगळे आवरले, मुलांना पाजले, वासरांना पाजले, आणि उरलेले खुलभर दूध नेऊन वाहिले. गाभारा भरला. लहानपणी मला ही भक्तीची गोष्ट वाटे. आता वाटते, ती क्रमाची गोष्ट आहे. म्हातारीने देवाला दूध नाकारले नाही. आधी कोण आणि मग कोण, एवढे तिने ठरवले. बालात पाहुण्यांनी येऊच नये, असे पाणी तपासणारी बाईसुद्धा म्हणत नव्हती. लिव्हरपूलची तहानही खरी होती.

मात्र म्हातारीला आपल्या घरची पोरे दिसत होती. मला काय दिसत होते? चित्रे आणि दर. घराचा दर कळला. त्या दरामागे कोणाचे पोर उपाशी राहिले, ते त्यात लिहिलेले नसते. म्हणून मला असे वाटते की, पाहुण्याचा दोष आणि मालकाचा दोष एका मापाने मोजू नये. मालकाला गाव माहीत असते, निदान माहीत असायला हवे. इथवर विचार आला तेव्हा मला बरे वाटले, कारण मी पाहुणा होतो.

हे समाधान दोनच दिवस टिकले. निघण्याच्या सकाळी चुलतभावाचा निरोप आला. गुहागर तालुक्यात आमचे वडिलार्जित घर आहे, चौघा भावांचे. गणपतीचे दहा दिवस सोडले तर कुलूप. मागच्या वर्षी गावच्या शाळेवर बदली होऊन आलेल्या शिक्षिकेने ते भाड्याने मागितले होते. एकदा भाडेकरू शिरला की निघायचा नाही, या परंपरागत भीतीने आम्ही चौघांनी एकमताने नाही म्हटले, मीही. ती बाई रोज दोन एस.टी. बदलून येते. आता भावाच्या मनात ते घर पर्यटकांना द्यायचे आहे. निरोपासोबत त्याने चित्र पाठवले होते : आमचे मागचे अंगण, विहिरीशेजारी निळ्या फरशीचा लहानसा तलाव, आणि त्यात हसणारे कोणी अनोळखी कुटुंब. चौघांच्या सह्या लागतात. तिघांच्या झाल्या आहेत.

बाई चादरी काढायला आली होती. हौदाचे पाणी मोरीच्या वाटेने उतरणीवर चालले होते. मी अभिप्रायाच्या वहीत मराठीत आभार लिहिले. तिने त्या अक्षरांवर बोट फिरवून पाहिले आणि 'कसे वाचायचे?' म्हणून विचारले. मी वाचून दाखवले. तिने बरोबर म्हटले.

भावाला मी अजून सही पाठवलेली नाही. वैशाखात विहिरीला पाणी किती राहते आणि तेव्हा ते कोण कोण भरते, एवढे त्याला विचारले आहे. त्याचे उत्तर यायचे आहे. शिक्षिकेचे घर मिळाले का, हे मात्र विचारायचे माझ्याकडून राहून गेले.