लॅबची चिठ्ठी

पिंपरीत एक कामगार होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. एच. ए. कंपनीत, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, त्यांनी तीस वर्षं काढली. ही कंपनी १९५४ साली उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिथं पेनिसिलिन बनू लागलं. सरकारी मालकीची देशातली ती पहिली औषध कंपनी. एके काळी पोरगा एच. ए.त आहे एवढं सांगितलं की सोयरीक जुळत असे. तात्यांचीही तशीच जुळली होती.

तात्यांचं काम साधं होतं. उंच टाक्यांत बुरशी वाढत असे. ठरलेल्या वेळी टाकीतून नमुना काढायचा, बाटलीवर नंबर आणि वेळ घालायची आणि बाटली लॅबमध्ये पोचवायची. लॅबची चिठ्ठी आली की माल पुढं जाई. चिठ्ठी येईपर्यंत तो जागचा हलत नसे.

एकदा एक नवं शिकाऊ पोरगं त्यांना म्हणालं, "तात्या, रंग चांगला आहे, वास चांगला आहे. मग थांबायचं कशाला?"

तात्या म्हणाले, "रंग-वास मलाबी कळतो. चिठ्ठी येऊ दे."

दोघं थांबले. चिठ्ठी आली. टाकी चांगलीच होती. पोरगं हसलं, "मी म्हणालो नव्हतो?"

"तू म्हणाला होतास," तात्या म्हणाले. "चांगली आहे हे आत्ता कळलं."

पुढं तात्या निवृत्त झाले. मुलगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत लागला. घरात सून आली, नात झाली. सगळं ठीक चाललं होतं. फक्त रात्री तात्यांना उठावं लागे. आधी एकदा, मग तीनदा, मग पाचदा. मोरीत बराच वेळ उभं राहावं लागे. धार बारीक झाली होती, मधेच तुटायची. अंथरुणावर येऊन पडावं, तर पुन्हा लागल्यासारखं वाटे. बायको विचारायची, "अहो, झोप लागत नाही का?" तात्या म्हणायचे, "वय झालं."

संध्याकाळी ते बागेत जात. तिथं एका बाकावर चौघे जण बसत. एक जण स्कूटरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एक मास्तर, एकाचा टेम्पोचा धंदा, आणि तात्या. बागेत सावलीतले, कारंज्याजवळचे चांगले बाक रिकामे असत. हे चौघे मात्र मुतारीपासून वीस पावलांवरच्या बाकावर बसत. दोन वर्षं बसले. हाच बाक का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. शुगर, बीपी, गुडघे यांच्या गप्पा तिथं रोज होत. याच्या कधी झाल्या नाहीत.

एक दिवस टेम्पोवाल्यांनी तात्यांना बाजूला घेतलं आणि पिशवीतून एक डबी काढली. वर हिरव्या अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं छापलं होतं. खाली एका बुटक्या ताडाचं चित्र. "अमेरिकेतली वनस्पती आहे," ते हळूच म्हणाले. "माझा पुतण्या विकतो. दुकानात मिळत नाही."

तात्यांनी डबी घेतली आणि घरी कपाटात कपड्यांमागं ठेवली. पहिल्या महिन्यात त्यांना बरं वाटलं. पाचदाच्या जागी तीनदा उठावं लागलं. त्यांनी दुसरी डबी घेतली, मग तिसरी. तिसऱ्या डबीला पुन्हा पाचदा होऊ लागलं. मग ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची बाटली आली, भोपळ्याच्या बियांचं पाकीट आलं. पेन्शन थोडी, पण यासाठी पैसे निघत.

एका शनिवारी तात्या बसनं राजगुरुनगरला साखरपुड्याला निघाले. सकाळपासून त्यांनी चहा घेतला नव्हता, पाणीही घोटभरच प्यायले होते. बस चाकणला तळेगाव चौकाच्या अलीकडं अडकली. नाशिक रस्त्यानं रोज जाणाऱ्याला हे काही नवं नाही. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मधे कंपन्यांच्या बसगाड्या. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. तात्यांनी दांडी घट्ट धरली. मग ते कंडक्टरला काही न सांगताच उतरले, नव्या मोटारी लादलेल्या एका कंटेनरच्या आडोशाला गेले आणि उभे राहिले. लागली होती, आणि होत नव्हती. कंटेनर दोन हात पुढं सरकला. तात्या त्याच्याबरोबर दोन हात पुढं सरकले.

तिथून निघाले तेव्हा रस्त्याच्या कडेला जडीबुटीचा तंबू दिसला. आत काचेच्या बरण्या होत्या, मुळ्यांचे ढीग होते. तंबूवाल्यानं त्यांच्या चालण्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, लघवीचं ना?" दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं तर त्या प्रश्नासाठीच त्यांनी पुडी घेतली असावी. पुडीत गोखरूचं चूर्ण होतं. गोखरू म्हणजे आपला सराटा, लहानपणी रानात अनवाणी पायांत मोडायचा तो. त्यात आणखी काय काय मिसळलं होतं ते तंबूवाल्यालाच ठाऊक.

थंडी पडली आणि तात्यांना सर्दी झाली. नाक चोंदलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या. दुपारी एक घेतली, रात्री एक घेतली. नाक मोकळं झालं. रात्री दोन वाजता ते उठले आणि मोरीत गेले. थेंबही आला नाही.

मुलगा तिसऱ्या पाळीला होता. सून उठली. "मामा, काय होतंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" सासू म्हणाली. "दोन तास झाले आत उभे आहेत."

ओटीपोट दगडासारखं झालं होतं. सुनेनं रिक्षा आणली. निघताना तिनं कपाट उघडून कपड्यांमागचं सगळं एका पिशवीत भरलं. ते तिथं आहे हे तिला कधीपासून माहीत होतं. वायसीएम रुग्णालयापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. प्रत्येक गतिरोधकाला तात्या देवाचं नाव घेत होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तात्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. तिनं नळी घातली. पिशवीत जवळजवळ लिटरभर लघवी उतरली. तात्यांचं अंग सैल पडलं आणि ते तिथंच झोपले.

सकाळी डॉक्टर आली. सुनेनं पिशवी टेबलावर रिकामी केली. डबी, बाटली, बियांचं पाकीट, पुडी आणि सर्दीच्या गोळ्यांची पट्टी.

डॉक्टरनं आधी पट्टी उचलली. "काका, रात्री दार बंद केलं ते हिनं. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी गाठ असते, प्रोस्टेट. लघवीची नळी तिच्यातून जाते. वयानं ती वाढते आणि नळी दाबते. साठी ओलांडलेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांत ती वाढलेली असते. नाक मोकळं करणारं औषध रक्तवाहिन्या आवळतं, आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायूही आवळतं. तुमचं दार किलकिलंच होतं, ते लागलं."

मग तिनं ताडाची डबी उचलली. "सॉ पाल्मेटो. हिची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत २२५ पुरुष घेतले. निम्म्यांना हे दिलं, निम्म्यांना दिसायला तशीच खोटी गोळी. कुणाला काय मिळतंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षभरानं पाहिलं तर दोन्हींत फरक नाही. २००६ची गोष्ट. मग कुणी म्हणालं, मात्रा कमी पडली असेल. तेव्हा ३६९ जणांवर पुन्हा प्रयोग केला, मात्रा तिपटीपर्यंत नेली. २०११ला निकाल आला, तोच."

"पण मला पहिल्या महिन्यात बरं वाटलं होतं," तात्या म्हणाले.

"खोटी गोळी घेणाऱ्यांनाही वाटलं होतं. हा त्रास आपसूक थोडा कमी-जास्त होत असतो."

तिनं बाटली फिरवून मागचा मजकूर वाचला. "ई जीवनसत्त्व, ४०० युनिट. हेच, एवढंच, अमेरिका-कॅनडात हजारो पुरुषांना रोज दिलं होतं, प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल म्हणून. सेलेनियमही दिलं. एकूण ३५ हजारांवर माणसं. २००१ला सुरू केलं, २००८ला थांबवावं लागलं. सेलेनियमचा फायदा दिसला नाही. आणि पुढं हिशेब लागला तेव्हा नुसतं ई घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला."

बिया तिनं परत दिल्या. "या खा, भाजून चांगल्या लागतात."

पुडी राहिली. तात्या म्हणाले, "हे तरी आपलं आहे. आयुर्वेदातलं."

"गोखरू आयुर्वेदात आहेच," डॉक्टर म्हणाली. "पण सुश्रुतानं लघवी अडण्याचे बारा प्रकार सांगितलेत. म्हणजे आधी प्रकार ओळखायचा. शिकलेला वैद्य नाडी बघेल, पोट बघेल, शुगर बघायला लावेल. शुगरनंही रात्री उठावं लागतं. खड्यानं अडतं, जंतुसंसर्गानं अडतं, कॅन्सरनंही अडतं. तंबूवाल्यानं तुमचा प्रकार कुठला ते पाहिलं का?"

तात्या काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "नैसर्गिक आहे, म्हणून घेतलं."

"तुम्ही कुठं होता कामाला?"

"एच. ए.त. पेनिसिलिनला."

"ते कशापासून करायचे?"

"बुरशीपासून," तात्या म्हणाले, आणि थांबले.

बुरशीपासूनच. तेही नैसर्गिकच होतं. जगभर ज्या बुरशीपासून पेनिसिलिन मुबलक होऊ लागलं, ती तर अमेरिकेतल्या बाजारात नासलेल्या एका खरबुजावर सापडली होती. ही गोष्ट तात्या नव्या पोरांना रंगवून सांगत असत. ती बुरशी तीस वर्षं त्यांनी बाटलीत भरून लॅबला नेली होती. चिठ्ठीशिवाय तिचा थेंबही त्यांनी पुढं जाऊ दिला नव्हता. त्यांनी टेबलाकडं पाहिलं. पाच वस्तू होत्या. एकीचीही चिठ्ठी त्यांनी मागितली नव्हती, आणि ज्याचा नमुना द्यायला हवा होता त्याचा नमुना दोन वर्षं कुणाला दिला नव्हता.

डॉक्टरनं स्नायू सैल करणारी एक गोळी सुरू केली. चार दिवसांनी नळी काढली. तात्या संडासात गेले. सून बाहेर उभी होती. आतून आवाज आला. तात्या बाहेर आले आणि म्हणाले, "झाली." त्या दोघांत याआधी असं बोलणं कधी झालं नव्हतं.

प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ततपासणी डॉक्टरनं लगेच केली नाही. लघवी तुंबल्यावर आणि नळी घातल्यावर तो आकडा खोटाच वर जातो. काही आठवड्यांनी केली. काळजीसारखं काही निघालं नाही. गाठ वाढलेली होती, एवढंच. गोळीनं भागलं नाही तर दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, असं तिनं सांगून ठेवलं.

एका संध्याकाळी तात्या बागेत गेले. बाकावर बसले आणि म्हणाले, "आपण इथंच का बसतो, सांगू?"

कुणी काही बोललं नाही. तात्यांनी सगळं सांगितलं. कंटेनर सांगितला, तंबू सांगितला, लिटरभर सांगितलं. बराच वेळ शांतता होती. मग मास्तर म्हणाले, "माझ्याकडं चार डब्या आहेत." स्कूटरवाले म्हणाले, "मी तर रात्री डबाच घेऊन झोपतो." आणि चौघेही हसायला लागले.

झाडपाला वाईट आणि कारखान्यातली गोळी चांगली, असं ही गोष्ट सांगत नाही. तात्यांना पाडलं ते मेडिकलमधल्या गोळीनंच. वनस्पतींतल्या बीटा-सिटोस्टेरॉल नावाच्या द्रव्यानं धार थोडी सुधारते असंही एका परीक्षेत दिसलं आहे, पण गाठ त्यानं लहान झालेली नाही. वस्तू रानातली की कारखान्यातली, हा प्रश्न तात्यांनी टाकीपाशी कधीच विचारला नव्हता. ते फक्त थांबत, आणि चिठ्ठी आली की म्हणत, आत्ता कळलं. स्वतःच्या देहापाशी मात्र माणूस थांबत नाही. तिथं त्याला लाज वाटते. डबी घ्यायला बोलावं लागत नाही. डॉक्टरकडं किंवा वैद्याकडं जायचं तर तोंड उघडावं लागतं.

मास्तर दुसऱ्या आठवड्यात वायसीएमला गेले. त्यांची शुगर वाढलेली निघाली. स्कूटरवाल्यांना तात्यांसारखीच गोळी सुरू झाली. टेम्पोवाले अजून गेलेले नाहीत. ते पुतण्याचीच डबी घेतात. पण रात्री किती वेळा उठलो, ते आता रोज बाकावर सांगतात.